बातमीची दुरुस्ती, सहा वर्षं उशिरा

पेपरात चूक छापली गेली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतल्या पानाच्या कोपऱ्यात चार ओळींची दुरुस्ती येते. कुणी वाचत नाही, पण छापायची असते. माझी एक दुरुस्ती २०१९ पासून राहून गेलीय. ती आज इथं करतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

२०१९ आठवा. पबजीचं खूळ गावोगावी पसरलं होतं. पारावर, एसटी स्टँडवर, मंगल कार्यालयाच्या मागच्या भिंतीला टेकून, जिथं रेंज तिथं पोरं. गुजरातेत राजकोट पोलिसांनी त्या मार्चमध्ये बंदीचा आदेश काढला आणि खेळणाऱ्या पोरांना अटक केली. पंतप्रधानांच्या ‘परीक्षा पे चर्चा’ कार्यक्रमातसुद्धा पबजीचं नाव निघालं होतं. त्यामुळे डेस्कवरून दर दोन दिवसांनी फोन यायचा, “तुमच्याकडं पबजीचं काही आहे का? असेल तर लगेच पाठवा.”

आणि मिळालं. अकरावीतला एक पोरगा रात्रीतून घर सोडून गेला. वडील पोलीस ठाण्यात आले होते. म्हणाले, “दिवसरात्र पबजी. रागावलो म्हणून गेला.” मी तेवढं टिपून घेतलं, ठाणे अंमलदाराचं एक वाक्य जोडलं आणि अर्ध्या तासात बातमी पाठवली. ‘पबजीच्या नादात मुलाने घर सोडले’. पहिल्या पानावर तळाला, तीन कॉलम. नाव दिलं नव्हतं, पण तालुक्याच्या गावात नाव द्यावं लागतं का? चौथ्या दिवशी पोरगा परत आला. ती काही बातमी नव्हती, म्हणून ती मी दिली नाही.

मागच्या महिन्यात माझ्या मोबाईलची चार्जिंग पिन गेली. स्टँडसमोरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरानं फोन उघडला, पिन बदलली, पैसे सांगितले आणि मग म्हणाला, “ओळखलं का सर? तुम्ही माझी बातमी लावली होती. पबजीवाला.”

(पुढचं त्याला विचारून लिहितोय. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन तपशील बदललेत.)

मी काय बोलणार? चहा मागवला. तो अगदी थंडपणे सांगत होता. वडील दारू पिऊन आईला मारायचे. त्या रात्री हा मध्ये पडला, तर वडिलांनी त्याचा मोबाईल भिंतीवर फोडला आणि त्याला दाराबाहेर काढलं. जायचं कुठं? गावातल्या मित्रांकडं गेला असता तर तासाभरात वडील तिथं. त्याच्या खेळातल्या टोळीत, म्हणजे स्क्वॉडमध्ये, चौघं होते. हा, एक लातूरचा, एक संगमनेरचा आणि एक सुरतला कामाला असलेला आपल्याच भागातला पोरगा. एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, फक्त आवाज ओळखीचा. लातूरवाल्याचा नंबर पाठ होता. पहाटेच्या एसटीनं लातूर गाठलं, तिथं एका टपरीवाल्याच्या फोनवरून त्याला लावला.

“त्याच्या आईनं आधी जेवायला वाढलं, मग काय झालं ते विचारलं. त्याचे वडील टेम्पो चालवायचे. त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्या मामाला फोन केला. मामा येऊन घेऊन गेला. म्हणून परत आलो.”

मग थोडा थांबला आणि म्हणाला, “सर, पेपरात पबजीचं नाव आलं. बापाचं नाही आलं.”

मंडळी, वीस वर्षं बातम्या करतोय. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की दोन्ही बाजू घ्या. मी एका बाजूनं बातमी केली आणि दुसऱ्या बाजूच्या पोराला गावभर ‘पबजीवाला’ करून ठेवलं.

एक गोष्ट लगेच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी म्हणेल की पत्रकार पोरांना अनोळखी माणसाच्या घरी पाठवायला निघाला. त्याचं नशीब चांगलं म्हणून त्या घराचं दार उघडलं. खेळातला ओळखीचा आवाज कुणाचाही असू शकतो. ते धोकादायकच आहे. पण ज्या पोराला गावात एकही दार उरलं नव्हतं त्याला एक दार मिळालं, आणि ते त्या खेळातून मिळालं, हेही तितकंच खरं आहे. मी छापलं होतं ते अर्धं.

त्या दिवशी घरी आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा नववीतल्या लेकीला म्हणालो, “मला शिकव.” तिला वाटलं, मोबाईल काढून घ्यायची ही नवी युक्ती आहे. दोन दिवस टाळलं. मग बसवलं शेजारी.

ज्यांनी हे खेळ फक्त पोरांच्या खांद्यावरून पाहिलेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पबजीत शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, हात रिकामे. घराघरांतून बंदुका, औषधं, हेल्मेट शोधायची. वर एक वर्तुळ असतं, ते लहान लहान होत जातं. बाहेर राहिलात की जीव कमी होतो, म्हणून सगळे एकमेकांच्या जवळ ढकलले जातात. शेवटी उरेल तो किंवा उरेल ती टोळी जिंकली. ब्रेंडन ग्रीन नावाच्या आयरिश माणसानं हा प्रकार रुळवला. २०१७ ला कॉम्प्युटरवर आला, २०१८ ला मोबाईलवर, आणि आपल्याकडं स्वस्त डेटा नुकताच आलेला असल्यानं वणव्यासारखा पसरला.

बाहेरून फक्त गोळीबार दिसतो. आत बसल्यावर कळलं की निम्मा वेळ बोलण्यात जातो. “भाऊ, नॉक झालोय, रिव्हाइव्ह दे.” म्हणजे गडी पडलाय, पण मेला नाही. साथीदार जवळ येऊन काही सेकंद थांबला तर तो उठतो. तेवढ्या वेळात येणाऱ्यावरच गोळी बसू शकते. तरी पोरं जातात. जो जात नाही त्याला पुढच्या डावात कुणी घेत नाही. मी पहिल्या डावात दीड मिनिटात गेलो, पण माझ्यासाठी लेक धावत आली आणि तीही गेली. “पप्पा, मोकळ्या रानात उभं राहायचं नसतं,” एवढंच म्हणाली.

आणखी एक लक्षात आलं. ती माईक बंद ठेवूनच खेळते. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “मुलीचा आवाज ऐकला की सुरू होतात.” काय सुरू होतात ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हिंसा, व्यसन यावर मी रकाने भरलेत. चौदा वर्षांची मुलगी खेळताना आपला आवाज लपवते, यावर एक ओळ लिहिलेली नाही. ते शिव्या देणारे आपल्याच घरातले आहेत. आज रात्री त्यांच्या खोलीच्या दाराशी दोन मिनिटं उभे राहा, ऐकू येईल.

आता मुद्द्याचं. “मग पोरांना काय खेळू द्यायचं?” हे मला चार पालकांनी विचारलंय. मी तज्ज्ञ नाही. महिनाभर खेळून, पोरांशी बोलून जे कळलं ते सांगतो.

पहिला नंबर बुद्धिबळाचा. लीचेस नावाचं संकेतस्थळ आणि ॲप आहे. पूर्ण मोफत, जाहिराती नाहीत, देणग्यांवर चालतं. जगातल्या कुणाशीही पाच मिनिटांचा डाव मांडता येतो, नाहीतर एकेक चालीला दिवस-दिवस घेऊन आठवडाभर चालवता येतो. आपल्या गावात शिकवणारा नाही ही अडचण इथं निम्मी सुटते. आणि रेंज गेली म्हणून पोरगं रडलं तर त्याला ही गोष्ट सांगा. ऑगस्ट २०२० मध्ये ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या अंतिम लढतीत रशियाविरुद्ध खेळताना भारताच्या दोन खेळाडूंचं इंटरनेट गेलं आणि वेळ संपून ते हरले. शेवटी दोन्ही देशांना संयुक्त विजेते ठरवलं गेलं. आपला कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी, आणि इंटरनेट गेलेल्या त्या दोघांमध्ये एक होती नागपूरची दिव्या देशमुख. तीच दिव्या जुलै २०२५ मध्ये जॉर्जियात बातुमीला महिला विश्वचषक जिंकून १९ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाली.

दुसरा लुडो किंग. हसू नका. हा नवी मुंबईतल्या कंपनीचा खेळ, २०१६ चा. लॉकडाऊनमध्ये आमची आई, पुण्याची बहीण, भाचा आणि मी रोज रात्री नऊला खोलीचा कोड टाकून बसायचो. आईला व्हिडिओ कॉलवर काय बोलावं कळायचं नाही. पण माझी सोंगटी मारली की तिला शब्द फुटायचे. म्हातारी माणसं घरात एकटी असतील तर हा खेळ लावून द्या. फक्त हुबेहूब असेच दिसणारे, पैसे लावून खेळायचे लुडो निघाले होते, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

तिसरा माइनक्राफ्ट. हा एकदा विकत घ्यावा लागतो, म्हणून आपल्याकडं कमी. ठोकळे रचून घरं, पूल, अख्खी गावं बांधायची, तीही चार मित्रांनी मिळून. आमची लेक चुलतभावंडांबरोबर आजोळचा वाडा बांधतेय. चौकटीचं दार आतल्या बाजूला उघडायचं की बाहेर, यावर तासभर भांडण झालं, शेवटी आजीला फोन लावला. आणि हे वाचून मी चाट पडलो. पत्रकारांसाठी काम करणाऱ्या ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेनं मार्च २०२० मध्ये याच खेळात एक ग्रंथालय उभारलं. ज्या देशांत सरकारनं लेख दाबले, तिथले ते लेख खेळातल्या पुस्तकांत ठेवले. खून झालेले सौदी पत्रकार जमाल खशोगी यांचं लिखाण तिथं वाचता येतं. म्हणजे बातमी दाबली गेली तेव्हा ती एका खेळात जाऊन लपली. आणि मी इकडं खेळांविरुद्ध बातम्या लावत होतो.

चौथा अमंग अस. एक यान, त्यात आठ-दहा जण, त्यातले एक-दोन घातकी. कोण ते चर्चेतून ओळखायचं आणि मत देऊन बाहेर काढायचं. नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेचा अनुभव असलेल्यांना लगेच जमेल. ओळखीच्याच लोकांबरोबर खेळा, मजा त्यातच आहे.

पाचवा बीजीएमआय, म्हणजे पबजीचंच भारतासाठी काढलेलं रूप. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. जुलै २०२१ ला हा आला, जुलै २०२२ ला तोही काढून टाकला गेला, मे २०२३ ला परत आला. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. पण पोरं बापाची जन्मतारीख टाकतात हे बापाला सोडून सगळ्यांना माहीत आहे. साध्या फोनवर चालतो म्हणून खेड्यात फ्री फायर जास्त. त्याचा मूळ अवतार फेब्रुवारी २०२२ ला बंद झाला, मॅक्स राहिला. दोन्ही खेळांत कपडे, बंदुकीचे रंग असल्या गोष्टींसाठी पैसे मागतात. जिंकायला त्यांची गरज नसते, पण वर्गात मिरवायला असते. फोनला तुमचं बँक खातं जोडलेलं असेल तर आजच पासवर्ड बदला. पुण्यात तयार झालेला ‘इंडस’ नावाचा असाच खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये आलाय, तोही पाहा. हे खेळ अठराच्या आत नकोतच असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी भांडणार नाही. फक्त पोराशी न बोलता ॲप उडवू नका. ॲप पाच मिनिटांत परत येतं, पोरगं परत यायला वेळ लागतो.

व्यसन नाही का? आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं रोगांच्या यादीत गेमिंगचा विकार घेतलाय, २०२२ पासून ती यादी लागू आहे. पण निकष वाचा. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच मोठा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं. तुमच्या पोरात हे दिसत असेल तर डॉक्टर गाठा, त्यात लाज नाही. सुट्टीत तीन दिवस खेळला म्हणून तो रोगी होत नाही.

आता दुरुस्तीचा दुसरा भाग. तो जास्त जड आहे.

ती जुनी बातमी पुन्हा वाचावी म्हणून मी कात्रणांची फाईल काढली. कात्रण सापडलं, पिवळं पडलेलं. सहज उलटं केलं. मागच्या बाजूला अर्धी कापली गेलेली एक जाहिरात होती. ऑनलाइन रमीची. खाली बारीक अक्षरांत, आर्थिक जोखीम आहे, जबाबदारीने खेळा.

एकाच कागदाच्या एका बाजूला मी पोराला झोडत होतो, दुसऱ्या बाजूला बापाला पत्ते वाटले जात होते. ती जाहिरात माझ्या हातून गेलेली नव्हती, ती मुंबईच्या एजन्सीकडून यायची. पण माझं मानधन त्याच पैशातून यायचं.

माझा एक जवळचा मित्र, पगारदार माणूस. पहिल्या आठवड्यात जिंकला, आम्हाला पार्टी दिली. पुढं दोन वर्षांत लेकीच्या नावची ठेव मोडली, सोसायटीचं कर्ज काढलं, आणि बायकोला कळलं ते वसुलीवाला दारात आला तेव्हा. तो कधी पबजी खेळला नाही. पोरगं मोबाईल घेऊन बसलं की कानफटात द्यायचा. त्याच्यावर मी एकही बातमी केली नाही. मित्र होता आणि प्रौढ होता म्हणून.

कायदा काय म्हणत होता? सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं होतं. त्या एका वाक्याच्या छत्रीखाली सगळं ॲपचं मार्केट उभं राहिलं. ऑक्टोबर २०२३ पासून त्यात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, म्हणजे सरकारही वाटेकरी. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधानपरिषदेत एका मंत्र्यांच्या मोबाईलवर पत्ते दिसत असलेला व्हिडिओ अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिला. आपण जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. कृषी खातं गेलं आणि मिळालं ते क्रीडा. यावर मी काय वेगळं लिहू?

पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ ला संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. दोन दिवसांत दोन्ही सभागृहं आणि तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही. त्याची घाई, रोजगाराचं काय, यावर वाद आहेत. पण एक गोष्ट त्यानं स्वच्छ केली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळून बुडालेल्याला शिक्षा नाही. आणि ई-स्पोर्ट्स वेगळे, साधे करमणुकीचे खेळ वेगळे, त्यांना मोकळीक. म्हणजे खेळ आणि जुगार यांच्यातली जी रेघ आम्ही बातमीदारांनी पुसून टाकली होती, ती कायद्याला ओढावी लागली. अजूनही परदेशी साइट आणि टेलिग्रामच्या ग्रुपवरून लपूनछपून चालतंच. सापडलं तर मला कळवा. यावेळी बातमी करतो.

शेवटचा मुद्दा आपल्या गावाचा. पोरं मैदानावर का जात नाहीत, असं सगळे विचारतात. मी त्या दुकानातल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, “कोणतं मैदान, सर?” खरंच की. दिवाळीआधी फटाक्याचे स्टॉल, मग प्रदर्शन, मग आनंदनगरी, मग सभा. उरलेल्या दिवसांत खड्डे आणि खिळे. मैदान आपण भाड्यानं दिलं, पोरं बेटावर गेली.

मागणं दोनच. नगरपालिकेनं वर्षातले किमान आठ महिने मैदान पोरांना मोकळं ठेवावं. आणि येत्या गणेशोत्सवात एखाद्या मंडळानं डीजेच्या खर्चातून थोडे बाजूला काढून एक दिवस बुद्धिबळाची आणि एक दिवस बीजीएमआयची स्पर्धा ठेवावी. उजेडात, मांडवात, सगळ्यांसमोर. तिथं मुलींचा माईक चालू राहील अशी जबाबदारी मंडळाची. पहिल्या बक्षिसाचे पैसे मी देतो. आईबापांनीही येऊन बसावं, पोरं काय बोलतात ते ऐकावं.

आणि आता ती राहिलेली चौकट. पेपरात छापून येणार नाही, म्हणून इथं:

दुरुस्ती. २०१९ मध्ये या बातमीदारानं ‘पबजीच्या नादात मुलाने घर सोडले’ अशी बातमी दिली होती. त्या मुलानं घर खेळामुळं सोडलं नव्हतं, घरातल्या मारहाणीमुळं सोडलं होतं. बातमी देण्याआधी मुलाची बाजू घेतली नव्हती, तो परत आल्यावरही विचारली नाही. चुकीबद्दल त्या मुलाची आणि त्याच्या आईची मनापासून माफी.